एकतीस नंबरची चौकट

सर कुणाच्याही घरी गेले की पाणी प्यायच्या आधी तांब्या वाजवायचे. खिशातून स्कूटरची किल्ली काढायची, तांब्याच्या पोटावर एकदाच हलकी मारायची आणि डोळे मिटून कान जवळ न्यायचा. घरातली माणसं तोवर गप्प. मग निकाल यायचा. "पितळ हाय. पन आतली कल्हई गेलीया, वैनी. ह्यात ताक ठेवत जाऊ नका."

माझ्या आईनं एकदा त्यांना ऐकवलं होतं, "मास्तर, आदी पानी तरी प्या. तांब्या काय पळून चाललाय व्हय?"

"पळत न्हाय, पन बोलतो," सर म्हणाले आणि मग पाणी प्याले.

आमचं गाव पळसदेवजवळ, उजनीच्या पाण्याच्या कडेला. शाळा दहावीपर्यंत. सर तिथं विज्ञान शिकवायचे. अंगानं किरकोळ, पायात बारमाही रबरी चप्पल, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी लोहचुंबक. चुंबकाला दोरा बांधलेला आणि दोऱ्याचं दुसरं टोक गुंडीला. बोलता बोलता त्यांचा हात आपोआप खिशात जायचा आणि चुंबक समोरच्या वस्तूला लागायचं. विळा, एसटीची शीट, नव्या बाईंच्या पर्सचं बक्कल, काही सुटायचं नाही. वर्गात पोरगं उत्तर देईना तर त्याच्या डोक्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि आम्हाला विचारायचे, "आवाज आला का? न्हाय ना? लिहून घ्या. अधातू."

एका वर्षी स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुण्यांनी शाळेला चांदीचा म्हणून मोठा करंडक दिला. टाळ्या झाल्या. हेडमास्तरांनी तो टेबलावर ठेवायला सरांच्या हातात दिला आणि सरांच्या हातानं सवयीचं काम केलं. चुंबक खट्कन चिकटलं. माईक जवळच होता. तो खट् मागच्या रांगेत बसलेल्या आयाबायांपर्यंत गेला. पाहुणे हसतमुख राहिले, हेडमास्तरांना घाम फुटला. नंतर ऑफिसात ते ओरडत होते ते आम्ही खिडकीतून ऐकलं.

"अहो, गरज काय होती?"

"मी कुठं काय बोललो, साहेब?" सर म्हणाले. "तो स्वतःच चिकटला."

धातूच्या बाबतीत सरांना खोटं सोसत नसे. माणसांच्या बाबतीत मात्र ते पहिल्या शब्दाला फसायचे. पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोराला घरी सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटाची चौकशी करायचे. माणूस वाजवून बघावा असं त्यांना कधी वाटलं नाही. आणि मी तेवढ्याचाच फायदा घेतला.

दहावीच्या पहिल्या दिवशी सरांनी माठावरचं झाकण उलटं करून त्यात चिठ्ठ्या टाकल्या. आम्ही सत्तेचाळीस जण होतो. शाळेचं हजेरीपुस्तक आडनावांप्रमाणं चालायचं, पण सरांच्या तासाला सरांची वेगळी वही. ज्याला जो नंबर निघेल तो त्याचा अणुक्रमांक. एक म्हणजे हायड्रोजन, दोन म्हणजे हेलियम, असं सत्तेचाळीसपर्यंत. हजेरीला 'हजर सर' म्हणायचं नाही, आपलं मूलद्रव्य सांगायचं.

"सव्वीस?"

"लोखंड, सर."

"एकोणतीस?"

"तांबं, सर."

सत्तेचाळीस म्हणजे चांदी. ती ज्याला निघाली तो वर्षभर कॉलर वर करून हिंडला, सहामाहीला गणितात गेला तरी. वर्षभरात सरांनी एकदाही आम्हाला नावानं हाक मारली नाही. बाजारात भेटले तरी, "काय सोळा, बाप बरा हाय का?"

मागच्या भिंतीवर सरांनी स्वतः ऑइलपेंटनं आवर्तसारणी रंगवली होती. प्रत्येक चौकटीत एक खिळा. ज्यानं त्यानं आपलं मूलद्रव्य शोधून आणायचं आणि इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत घालून आपल्या खिळ्याला टांगायचं. पुस्तकात वाचलेलं चालणार नाही, हाताला लागलं पाहिजे, हा हट्ट. गंधकवाल्याचे चुलते साखर कारखान्यात होते, त्यानं तिथून पिवळा खडा आणला. निऑनवाला रडकुंडीला आला होता. सरांनी त्याला वायरमनचा टेस्टर उघडून आतला इवलासा दिवा दाखवला आणि म्हणाले, "ह्यो बघ, तुझाच पेटतोय. लाईट हाय का न्हाय ते तूच सांगतोस गावाला."

मला तेरा निघाला. ॲल्युमिनियम. आमच्याकडं ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणत. ज्यांच्या घरात स्टील आलेलं नसे त्यांच्या चुलीवर जर्मन. आमच्या चुलीवर सगळं जर्मनच होतं. मी एका जुन्या झाकणाचा तुकडा आणला तेव्हा चांदीवाला मोठ्यानं म्हणाला, "भंगार घ्या, भंगार!" वर्ग हसला. सरांनी तुकडा हातात घेतला, वाकवला, वाजवला.

"हलकं हाय. वाकतं पन मोडत न्हाय. गंजत न्हाय. विमान ह्याचंच उडतं," ते म्हणाले. "चांदी, तुमी खाली बसा. तुमचं आजवर एकबी उडालेलं न्हाय."

तो दिवस मी विसरलेली नाही. माझा बाप दुसऱ्याच्या उसाला पाणी द्यायला जायचा. आमच्या घरात माझ्या आधी कुणी सातवीची वेस ओलांडली नव्हती. मी आज बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन, आणि हे कुणालाही न लाजता सांगते. पण माझ्या शिक्षणाची सुरुवात कुठं झाली असं विचारलं तर मी त्या झाकणाच्या तुकड्याकडं बोट दाखवीन.

एकतीस नंबर सारिकाला निघाला. गॅलियम. तिचे वडील उजनीत मासे धरायचे. ती माझी बाकावरची मैत्रीण. महिनाभर शोधून तिला गॅलियम काही मिळेना. मिळणार कुठून? इंदापूर सोडा, पुण्यातही कुणाला विचारावं हे कळत नव्हतं. बहुतेकांच्या बाटल्या टांगल्या गेल्या आणि तिचा खिळा तसाच. एक दिवस ती उठून म्हणाली, "सर, मी शिसं आनते की. जाळ्याला लावायचं ढीगभर हाय आमच्यात."

"शिसं ब्याऐंशी नंबर. तू एकतीस."

"मग माझंच का न्हाय गावत?"

सर त्या दिवशी धडा सोडून बोलले. "त्या रशियन मास्तरानं पहिल्यांदा ह्यो तक्ता मांडला तवा तुझी जागा त्यानं मोकळी सोडली हुती. लोक म्हनाले, हितं काय हाय? तो म्हनाला, हितं एक धातू हाय, मला अजून गावला न्हाय. ॲल्युमिनियमच्या खाली हाय म्हंजी त्याच्याच घरचा. वजन एवढं असंल, असा असा वागंल, सगळं लिहून ठेवलं. काही वर्सांनी गावला, आन तसाच निघाला. आता सांग, रिकामी चौकट लाजायची का मिरवायची?"

सारिका बसली तेव्हा ताठ बसली.

"आन एक गंमत," सर म्हणाले. "धातू हाय, पन तळहातावर घेतला तर वितळतो. नुसत्या हाताच्या उबेनं."

सारिकानं स्वतःचा तळहात उघडून बघितला. मला ते अजून दिसतं. जाळ्याच्या दोऱ्यानं कापलेला हात होता.

"तेरा आन एकतीस एका उभ्या रांगेत," सर आम्हा दोघींना म्हणाले. "वर-खाली. एकमेकींना सोडायचं न्हाय."

ती माझ्यापेक्षा हुशार होती. हे एवढं साधं वाक्य लिहायला मला वीस वर्षं लागली. मी पाठ करून लिहायची, तिला समजायचं. सर प्रश्न विचारायचे आणि तिचा हात माझ्या आधी वर जायचा. गणपतीपर्यंत झालेल्या प्रत्येक चाचणीत ती पहिली आणि मी दुसरी.

गणपती उठले आणि सारिका यायची बंद झाली. तिचे वडील होडीतून उतरताना घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. जाळी ओढायला घरात दुसरं कोणी नव्हतं. सर दोनदा त्यांच्या घरी गेले. दुसऱ्यांदा तिच्या वडिलांनी बाजेवरूनच हात जोडले. "मास्तर, तुमी पुना पुना येऊ नगा. पोर मोठी हाय. लोक बघत्यात."

सरांना ते लागलं. ते परत गेले नाहीत. पण शाळेत न येता बाहेरून दहावीला बसता येतं, त्याचा सतरा नंबरचा फॉर्म असतो. तो त्यांनी आणला, वर सारिकाचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं, आणि मधल्या सुट्टीत मला बोलावलं.

"तेरा, एवढं तिला नेऊन दे. म्हनावं, शाळंत येऊ नको, जाळी ओढ, दुपारी जमंल तसं वाच, आन मार्चात पेपरला बस. तू फकस्त तिला इचार. ती व्हय म्हनाली की तिच्या बापाचं मी बघतो."

मी फॉर्म घेतला. त्याच आठवड्यात सरांनी दुसरी एक गोष्ट सांगितली होती. त्यांची बहीण बारामतीला राहायची. तिच्या घरात एक कॉट मोकळी होती. दहावीला मुलींत जी पहिली येईल तिला ते त्या कॉटवर ठेवून सायन्सला घालणार होते. माझ्या बापानं होस्टेलला साफ नाही म्हटलं होतं. सरांच्या बहिणीकडं मात्र चालेल, म्हणाला होता. म्हणजे माझ्यासाठी जगात एकच कॉट होती.

संध्याकाळी मी फॉर्म वहीत घालून पाण्याकडं गेले. सारिका काठापासून थोडी आत, होडीत बसून जाळ्यातले मासे सोडवत होती. तिनं मला बघितलं आणि हात वर केला. मीही केला. थोडा वेळ उभी राहिले. मग मागं फिरले.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "काय म्हनाली?"

"न्हाय म्हणाली, सर."

"पन काय म्हनाली?"

हे मी ठरवून आले नव्हते. तोंडाला आलं ते बोलले. "म्हणाली, आता काय करायचंय शिकून."

"असंच म्हनाली? हेच शब्द?"

"हेच, सर."

त्यांचा हात खिशात गेला, चुंबक बाहेर आलं, कशालाच न लागता परत आत गेलं. तास सुरू झाला. हजेरी झाली. तीस जस्तवाला बोलला. मग सर म्हणाले, "एकतीस?"

वरचा पंखा कुरकुरत होता. सर तेवढं थांबले जेवढं एखादं पोर उठून उत्तर द्यायला वेळ घेतं, आणि पुढं गेले. "बत्तीस?"

आम्हाला वाटलं, सवयीनं पुकारलं असेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. चांदीवाल्यानं एकदा विचारलं, "सर, ती न्हाय येनार. नंबर खोडा की."

"न्हाय म्हनाली म्हनून चौकट खोडायची व्हय?" सर म्हणाले. "बस खाली."

मार्चपर्यंत रोज. मी पहिल्या बाकावर. ते थांबणं चार सेकंदांचं असेल, पाच असेल. मी दर वेळी टेबलाच्या पायाकडं बघायची.

मुलींत मी पहिली आले. बारामतीची कॉट मला मिळाली. सरांच्या बहिणीनं मला पोटच्या लेकीसारखं केलं. मी शिकले, आणि मन लावून शिकले, त्यात मला काही चोरी वाटत नाही. पदवीचा कागद हातात आला त्या दिवशी बापानं पूर्ण आळीत पेढे वाटले आणि तो कागद फ्रेम करून देवांच्या फोटोशेजारी लावला. तो कागद खरा आहे. पण त्याची झेरॉक्स ज्या फायलीत आहे त्याच फायलीत सारिकाचा फॉर्मही आहे. मी तो ना दिला, ना फाडला.

आता मी लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. आमच्याकडं पिस्तुलासारखं एक यंत्र आहे. धातूवर टेकवून घोडा दाबला की दोन सेकंदांत कशात काय किती ते पडद्यावर येतं. सरांची किल्ली आठवून मी कधी कधी तुकडा आधी वाजवून बघते. पोरं हसतात.

कंपनीच्या बसनं मी बारामतीहून येते-जाते. पळसदेवच्या जरा पुढं हायवेच्या कडेला निळ्या ताडपत्रीखाली एक बाई मासे विकते. थर्माकोलच्या पेट्या, बर्फ, समोर मोठा कोयता. पहिल्याच दिवशी मी तिला ओळखलं. लग्न होऊन ती पलीकडच्या काठाला गेली होती आणि नवऱ्याला घेऊन परत माहेरच्या पाण्यावर आली होती, एवढं मला गावातून कळलेलं होतं. एकदा बसमधल्या बायकांनी मासे घ्यायला बस थांबवली. सगळ्या उतरल्या. मी डोकं दुखतंय म्हणून ओढणी तोंडावर घेऊन बसून राहिले. अशी सहा वर्षं गेली.

मागच्या महिन्यात आईचे डोळे दाखवायला बारामतीच्या दवाखान्यात गेले तर बाकावर सरांच्या पत्नी. सर रिटायर होऊन इंदापूरला असतात, त्यांच्याही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

"तू ती जर्मनवाली न्हवं का?" काकूंनी मला ओळखलं. मग खालच्या आवाजात तक्रार. "काय सांगायचं बाई तुला. फ्रीजमधी दुधाच्या पिशवीशेजारी कसलीशी बाटली ठेवून दिलीया. पुतन्याकडनं मागवून घेतली. उन्हाळ्यात लाईट गेली की पातळ हुतंय, आली की घट्ट. मला हात लावू देत न्हाईत. म्हनं एकतीस नंबरची हाय. कोन गं ही एकतीस नंबर?"

रविवारी मी फाईल पिशवीत घालून इंदापूरला गेले.

सर ओट्यावर खुर्चीत बसले होते, डोळ्यांवर दवाखान्याचा काळा चष्मा. वाळून गेले होते. गुंडीचा दोरा मात्र होता.

"कोन?"

"तेरा, सर."

"ॲल्युमिनियम!" ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की काकू आतून बाहेर आल्या.

मी चहाची वाट बघितली नाही. फॉर्म काढून त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं. ती होडीत होती, मी काठावरून परत फिरले, ती काहीच म्हणाली नव्हती, शब्द माझे होते, आणि का ते. कॉटचंही सांगितलं. सगळं बोलून झालं तेव्हा मी मान खाली घालून थांबले. त्यांनी मला शिव्या द्याव्यात, उठून जा म्हणावं, असं मला मनापासून वाटत होतं.

सर फॉर्मवरून बोटं फिरवत होते. मग म्हणाले, "म्हंजी ती न्हाय म्हनालीच न्हाय?"

"नाही, सर. पण मी खोटं..."

"ते ऐकलं मी." त्यांनी आत तोंड केलं. "अगं ऐकलंस का? एकतीस न्हाय म्हनालीच न्हाय!" त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "वीस वर्सं मला वाटतंय, आपल्या शिकवन्यात काय कमी पडलं म्हनून पोर असं बोलली असंल. कुठं असती ती? जवळ हाय का?"

मी सांगितलं. ते उठलेच. भिंतीला धरत फ्रीजपाशी गेले आणि बाटली काढून आणली. इंजेक्शनचीच बाटली, वर चिकटपट्टी, तिच्यावर ३१. आत चांदीसारखा लखलखीत गोळा.

"आज ने. आत्ता ने. बर्फ घाल पिशवीत, वाटंत वितळंल. आन जर्मनच्या डब्यात ठेवू नको. बाटली फुटली तर हे जर्मनला खाऊन टाकतं. फॉर्मबी ने. जुना झाला, आता म्हनं कॉम्प्युटरवर भरत्यात, ते तू भर. पन तिला ह्यो दाव. आन हातावर दे तिच्या. वितळलेला तिला बघू दे."

मी एसटीनं पळसदेवला उतरले. थंडीचे दिवस, दुपारचं ऊनही मऊ होतं. सारिका पेटीतून मासे काढून मांडत होती. वर न बघता म्हणाली, "आज उतरलीस व्हय बया? रोज तर तिसऱ्या खिडकीत बसून निघून जातीस."

मी फॉर्म पुढं केला. तिनं आधी हात टॉवेलला नीट पुसले, मग घेतला. सावकाश वाचला.

"हे सरांचं अक्षर हाय."

"त्या दिवशी तुला द्यायला आले होते. दिला नाही. सरांना सांगितलं, तू नको म्हणालीस."

एक मोटरसायकल येऊन थांबली. "मावशी, मरळ हाय का?"

"मरळ सकाळीच संपली. चिलापी घ्या, आत्ताच आलीया." तिनं चार मासे काढले, खवले काढले, कोयत्यानं तुकडे केले, पिशवीत घालून दिले. गिऱ्हाईक गेलं. कोयता धुतला.

"मी हात केला हुता तुला," ती म्हणाली. "तूबी केलास. मला वाटलं, येती इकडं. मग माघारी वळलीस. म्हटलं, घरी काम आसंल." जरा वेळानं म्हणाली, "मला वाटलं, सर इसारले. माझा नंबर दुसऱ्या कुनाला दिला आसंल."

"दिला नाही. परीक्षेपर्यंत रोज पुकारत होते. पुकारायचे आणि थांबायचे."

तिनं पेटीतला बर्फ हातानं सारखा केला, गरज नसताना.

"आता भर ना, सारिका," मी म्हणाले. "मी दर रविवारी येते. मी शिकवते. तुला काय अवघड आहे?"

ती हसली. त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "न्हाय गं," ती म्हणाली. "आता काय करायचंय शिकून."

शब्द तेच. वीस वर्षांपूर्वी मी तिच्या तोंडात घातले होते ते, त्याच क्रमानं.

मी पिशवीतल्या बर्फातून ३१ लिहिलेली बाटली काढली आणि सरांनी पाठवलीय म्हणून सांगितलं. "दाव की त्यो धातू," ती म्हणाली. "सांगत हुते ते खरं का?"

मी बाटली उघडून गोळा तिच्या तळहातावर ठेवला. तिनं हात नाकाजवळ नेला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. ती तशीच बघत होती जशी वर्गात बघायची. आम्ही दोघी थांबलो. गोळा होता तसा होता.

"न्हाय वितळत गं," ती म्हणाली.

मी तिच्या हाताला हात लावला. दगडासारखा गार.

"पहाटंपास्नं बर्फात हायत," ती म्हणाली आणि पुन्हा हसली. तेवढ्यात एक गाडी थांबली. तिनं गोळा माझ्या हातात टाकला. "सरांना म्हनावं, बघितला. लई झ्याक हाय." गिऱ्हाइकाकडं वळताना फॉर्मची घडी करून तिनं ती पाकिटात घातली, फोटोच्या खणात. "ह्यो ऱ्हाऊ दे माझ्याकडं. सरांचं अक्षर हाय."

माझ्या हातात गोळ्याची कड लगेच ढिली व्हायला लागली. मी घाईनं तो बाटलीत घातला.

इंदापूरला परत गेले तेव्हा सर त्याच खुर्चीत होते. जेवायलाही आत गेले नव्हते, काकू म्हणाल्या. मी सांगितलं ती काय म्हणाली ते.

"असंच म्हनाली? हेच शब्द?"

"हेच, सर. आज तिचेच आहेत."

त्यांनी मान हलवली. त्या वेळी जसा विश्वास ठेवला होता तसाच आताही ठेवला. मी बाटली त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी कानाशी नेऊन हलवली.

"वितळला का तिच्या हातात?"

व्हय म्हणणं सोपं होतं. काळ्या चष्म्याआड त्यांना माझं तोंडही दिसलं नसतं.

"नाही, सर. तिचे हात बर्फात होते सकाळपासून. गार पडले होते."

सरांनी त्यावर बराच वेळ विचार केला, एखाद्या पोरानं प्रयोग फसल्याचं सांगावं तसा. मग चिकटपट्टी अंगठ्यानं दाबून नीट बसवली.

"मग थांबायचं हुतंस की गं थोडं," ते म्हणाले.